हॅलोचं उदाहरण: गीक्सच्या मॅन्युअलमधली एक ओळ बदलताना

एका पॅकेज मॅनेजरच्या, म्हणजे प्रोग्रॅम बांधून मशीनवर बसवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मॅन्युअलमध्ये वीसेक ओळींचं एक उदाहरण आहे. त्यातल्या पॅकेजचं नाव हॅलो. ते चालवलं की पडद्यावर नमस्काराची एक ओळ उमटते आणि काम संपतं. ग्नू प्रकल्पाने हे खेळणं मुद्दाम बनवलेलं आहे. सोर्स कोड कसा बांधून द्यावा, भाषांतरं कशी जोडावीत, चाचण्या कुठे ठेवाव्यात, हे सगळं दाखवायला एक छोटा नमुना हवा होता, तो हा. २०२१ मध्ये या उदाहरणातली एक ओळ जुनी झाली. ती बदलायला दहा सेकंदही लागत नाहीत. पण ओळीला हात लावला की आजूबाजूचं बरंच काही हलतं. मॅन्युअलमधली उदाहरणं सांभाळणाऱ्या कुणालाही कधी ना कधी हे करावंच लागतं, म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

पॅकेज मॅनेजर आहे ग्नू गीक्स. रोमन लिपीतलं स्पेलिंग पाहून बहुतेक जण 'ग्विक्स' वाचतात, त्यामुळे उच्चार 'गीक्स' असा करायचा, हे मॅन्युअलला वेगळं सांगावं लागतं. देवनागरीत लिहिणाऱ्यांची त्यातून आपोआप सुटका. लुदोविक कुर्तेस यांनी २०१२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. मूळ कल्पना निक्स या आधीच्या पॅकेज मॅनेजरची: प्रत्येक पॅकेज एका सामायिक स्टोअरमध्ये आपापल्या स्वतंत्र डिरेक्टरीत राहतं, आणि डिरेक्टरीच्या नावात एक हॅश, म्हणजे गणिताने काढलेली अक्षरांची ओळखखूण, असतो. पॅकेज ज्या ज्या गोष्टींपासून बनलं, त्या सगळ्यांवरून तो हॅश निघतो. गीक्सचं वेगळेपण असं की पॅकेजची व्याख्या स्कीम या भाषेत लिहितात, आणि ती वाचायला गाइल हा स्कीमचा अवतार वापरतात. म्हणजे व्याख्या हाच मुळात एक प्रोग्रॅम असतो. तिथे कंस चुकला तर चुकला, अवतरणचिन्ह चुकलं तर अर्थच बदलतो.

एक ओळ

मॅन्युअलमध्ये 'पॅकेज कसं लिहायचं' या भागाची सुरुवातच हॅलोच्या व्याख्येने होते. नाव, आवृत्ती, सोर्स कुठून आणायचा, त्याचा हॅश, बांधणीची पद्धत, कॉन्फिगरला द्यायचा एक पर्याय, इनपुट्स, एका ओळीतली ओळख, वर्णन, संकेतस्थळ, परवाना. नवीन माणूस हे वाचतो, आपल्या फाइलमध्ये चिकटवतो आणि हॅलोच्या जागी आपल्या पॅकेजचं नाव घालतो. पॅकेजिंग बहुतेक सगळे असंच शिकतात. मीही असाच शिकलो.

बदललेली ओळ इनपुट्सची, म्हणजे बांधणीसाठी लागणाऱ्या इतर पॅकेजची. खरा कोड अर्थातच रोमनमध्ये असतो. इथे फक्त वाचायच्या सोयीसाठी तो देवनागरीत उतरवतो आहे, कोणी टाइप करून पाहू नये. आधी ती ओळ अशी होती:

(इनपुट्स `(("गॉक" ,गॉक)))

आणि नंतर अशी झाली:

(इनपुट्स (लिस्ट गॉक))

गॉक हे मजकुरावर प्रक्रिया करणारं ग्नूचं एक पॅकेज. पहिल्या ओळीत ते नाव दोनदा येतं. अवतरणातला गॉक हे लेबल, म्हणजे नुसती अक्षरं. स्वल्पविरामानंतरचा गॉक हा खरा पॅकेज ऑब्जेक्ट. सुरुवातीची ती तिरकी खूण, बॅकटिक, स्कीमला सांगते की पुढची यादी आहे तशी घे, फक्त जिथे स्वल्पविराम दिसेल तिथे त्या नावाची खरी किंमत भर. स्कीम जाणणाऱ्याला यात नवल काहीच नाही. पण पायथन किंवा सी शिकून आलेल्या माणसाला स्वल्पविराम म्हणजे दोन गोष्टींमधलं अंतर, एवढंच ठाऊक. तो शब्दाच्या आधी चिकटून का बसलाय, हे त्याला कळत नाही.

काही वर्षांपूर्वी पुण्यात आठ-दहा जणांच्या एका बैठकीत मी हे उदाहरण प्रोजेक्टरवर दाखवलं होतं. मागच्या रांगेत बॅकटिक आणि साधं एकेरी अवतरण यांत काही फरकच दिसत नव्हता. दोघांनी एकेरी अवतरण टाइप केलं. स्कीमने तक्रार न करता ते घेतलं आणि स्वल्पविरामासकट सगळं जसंच्या तसं ठेवून दिलं, आणि त्रुटी उमटली ती भलतीकडेच. पाऊण तास त्यातच गेला. हॅलो पॅकेज काय करतं, हा मूळ विषय बाजूलाच राहिला.

लेबल कशाला होतं, आणि का गेलं

लेबल उगाच नव्हतं. गीक्समध्ये व्याख्या वाचली जाते एका ठिकाणी आणि पॅकेज बांधलं जातं दुसरीकडे, एका बंदिस्त खोलीत. तिथे नेटवर्क नसतं आणि जाहीर केलेल्या इनपुट्सशिवाय काहीच नसतं. त्या खोलीत चालणाऱ्या कोडला गॉक कुठे ठेवलाय हे कळण्यासाठी नाव आणि वाट यांच्या जोड्यांची एक यादी दिली जायची. लेबल म्हणजे त्या यादीतलं नाव.

अडचण अशी की लेबल आणि पॅकेजचं नाव एकच असायला हवं, अशी सक्ती कुठेच नव्हती. कोणी पायथन-रॅपर हे पॅकेज 'पायथन' या लेबलाने द्यायचं. बांधणीच्या कोडात लेबल लिहिताना एखादं अक्षर चुकलं तर यादीतून 'असत्य' ही किंमत परत यायची, आणि पुढे कुठेतरी दोन स्ट्रिंग जोडताना 'इथे स्ट्रिंग हवी होती' अशी कोरडी तक्रार यायची. चूक एकीकडे, बोंब दुसरीकडे. एका पॅकेजवरून दुसरं बेतताना, म्हणजे हॅलोसारखंच पण गॉकशिवाय असं काही करताना, लेबल वापरून यादीतून गॉक काढावा लागायचा. लेबल चुकलं तर काहीच निघायचं नाही, आणि तसं कोणी सांगायचंही नाही.

२०२१ मध्ये प्रकल्पाने हे बदललं. इनपुट्स म्हणजे आता थेट पॅकेजची यादी, आणि लेबल लागलंच तर पॅकेजच्या नावावरून गीक्स ते स्वतः बनवतं. इनपुट्समध्ये फेरफार करायला नवी रचना आली. इनपुटमधली फाइल शोधायला नवं फंक्शन आलं, आणि फाइल सापडली नाही तर ते तिथल्या तिथे ओरडतं. हजारो पॅकेजच्या व्याख्या नव्या वळणावर आणायला 'गीक्स स्टाइल' नावाची कमांडही आली.

ही कमांड किती सावधपणे लिहिली आहे, हे पाहण्यासारखं आहे. मूळ व्याख्या बदलताना तिला तीन पातळ्या सांगता येतात. पहिल्या पातळीत बदल तेव्हाच करायचा जेव्हा बांधणीच्या कृतीत एका अक्षराचाही फरक पडणार नाही. दुसऱ्यात, पुन्हा बांधावं लागलं तरी चालेल, पण परिणामात फरक दिसता कामा नये. तिसऱ्यात, सरसकट. एवढी काळजी घ्यावी लागते, कारण लेबलं बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये उतरतात, स्क्रिप्ट बदलली की हॅश बदलतो, आणि हॅश बदलला की त्या पॅकेजवर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा बांधावं लागतं. पायथन-रॅपरचं लेबल आपोआप 'पायथन-रॅपर' झालं, तर 'पायथन' नावाने शोधणारा कोड रिकाम्या हाताने परततो. त्यामुळे जिथे नाव आणि लेबल जुळत होतं तिथे काम निमूटपणे झालं, आणि जिथे जुळत नव्हतं तिथे माणसाला बसून पाहावं लागलं.

मॅन्युअलसाठी मात्र अशी कमांड नव्हती. मॅन्युअल टेक्सइन्फो या ग्नूच्या मॅन्युअल लिहायच्या पद्धतीत लिहिलेलं आहे. उदाहरण त्याच्या पोटात, गद्याच्या मधोमध, एका ब्लॉकमध्ये बसलेलं. गीक्स स्टाइलच्या दृष्टीने ते पॅकेजच नाही. तो नुसता मजकूर.

ओळीभोवतीचं गद्य

उदाहरण बदलायला घेतलं की पहिल्यांदा इथे पाय अडकतो. कोडची ओळ बदलणं सोपं. पण मॅन्युअलमध्ये उदाहरणाखाली प्रत्येक फील्डचं स्पष्टीकरण आहे, आणि जुन्या मॅन्युअलमध्ये इनपुट्सच्या परिच्छेदात लिहिलं होतं की इथे आपण 'गॉक' नावाचं इनपुट ठरवतो आणि त्याची किंमत गॉक या व्हेरिएबलची. पुढे बॅकटिक आणि स्वल्पविराम यांचा खुलासा, आणि गाइलच्या मॅन्युअलकडे एक दुवा. ओळ बदलल्याक्षणी हा सगळा खुलासा अधांतरी लोंबकळतो. ज्या खुणा उदाहरणात उरल्याच नाहीत, त्यांचं स्पष्टीकरण वाचणारा माणूस वर जाऊन त्या शोधत बसेल.

मग खुलासा काढून टाकायचा? तसं करता येत नाही, कारण वाचक उद्या खऱ्या पॅकेज संग्रहात जाईल आणि तिथे बॅकटिक ठिकठिकाणी दिसेल. गीक्सच्या १.४.० या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये यावर काढलेला तोडगा मला आवडला. इनपुट्सचा परिच्छेद एका वाक्यावर आला: आपण एक इनपुट जोडतो, गॉक या व्हेरिएबलचा संदर्भ, आणि गॉक हे स्वतः एक पॅकेज आहे. बॅकटिक आणि स्वल्पविराम वरच्या परिच्छेदात सरकले, जिथे साध्या अवतरणचिन्हाची ओळख करून दिली आहे, आणि तिथे 'कधीकधी हेही दिसेल' इतक्याच सुरात त्यांचा उल्लेख येतो.

लेबलची जुनी पद्धतही पुसून टाकलेली नाही. पॅकेजच्या फील्डचा संदर्भ देणाऱ्या वेगळ्या भागात एक टीप आहे: १.३.० पर्यंत इनपुट्स अशा जोड्यांच्या रूपात लिहीत असत, ते वळण आता सोडलं आहे, सध्या चालतं पण पुढे काढून टाकलं जाईल, नवीन व्याख्येत वापरू नका. जुना कोड वाचणाऱ्याला किल्ली मिळते आणि नवा लिहिणारा त्या वाटेला जात नाही. उदाहरण अद्ययावत करताना जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न मला नव्याच्या प्रश्नापेक्षा अवघड वाटतो. बहुतेक ठिकाणी जुनं नुसतं खोडतात, आणि मग दोन वर्षांपूर्वीची फाइल हातात आलेला माणूस अंधारात चाचपडतो.

आवृत्तीचा आकडा

उदाहरणात हॅलोची आवृत्ती २.१० आहे. ती आली २०१४ मध्ये. २०२२ मध्ये २.१२ मालिका आली. तरीही १.४.० च्या मॅन्युअलमध्ये २.१० तशीच आहे. नवीन माणसाचा पहिला पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, पुष्कळदा इथेच येतो: आकडा जुना दिसतोय, बदलून टाकतो.

मी परीक्षक असतो तर हा पॅच नम्रपणे बाजूला ठेवला असता, आणि तो आळसापायी नाही. ग्नूच्या सर्व्हरवर जुने टारबॉल, म्हणजे सोर्सचे गठ्ठे, राहतात, त्यामुळे २.१० आजही उतरतं, हॅश जुळतो, पॅकेज बांधलं जातं. उदाहरण चालतं. वाचकाला हॅलो हवं असतं म्हणून तो हे वाचत नसतो. तो आकार उचलतो, आकडा नाही. आकडा तर तो पहिल्याच मिनिटाला खोडून स्वतःचा घालणार असतो. इनपुट्सची ओळ मात्र तो जशीच्या तशी ठेवतो आणि फक्त गॉकच्या जागी आपलं काही लिहितो. जुना आकडा कोणाच्याही पॅकेजमध्ये शिरत नाही. जुनं वळण शेकडो पॅकेजमध्ये शिरतं.

आकडा बदलायचाच म्हटलं, तर तो एकटा बदलत नाही. शेजारी हॅश आहे, बावन्न अक्षरांचा. तो ज्या बत्तीस चिन्हांच्या वर्णमालेत लिहितात ती निक्सकडून आलेली, तिच्यात इ, ओ, यू, टी ही रोमन अक्षरं मुद्दाम वगळलेली आहेत. आकडा बदलला आणि हॅश तसाच ठेवला, तर हॅलोच्या बाबतीत गीक्स नवा टारबॉल उतरवेल, हॅश जुळत नाही म्हणून थांबेल आणि दोन्ही हॅश समोर ठेवेल. हे ठीक झालं. पण सोर्स गिटमधून, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साठ्यातून, घेणाऱ्या व्याख्येत फाइलचं नाव दिलं नसेल, तर उतरवलेल्या सगळ्या प्रतींना एकच साधारण नाव मिळतं. तिथे हॅश जुना आणि नावही तेच, म्हणून गीक्स समजतं की ही वस्तू माझ्याकडे आहेच, आणि मुकाट्याने जुना सोर्स बांधतं. आकडा नवा, माल जुना. गिटच्या व्याख्यांमध्ये नाव आणि आवृत्ती जोडून फाइलचं नाव देण्याची पद्धत त्यासाठीच आहे, आणि व्याख्यांतल्या चुका शोधणारी 'गीक्स लिंट' ही कमांड सोर्सच्या फाइलचं नाव वेगळं तपासते तेही त्याचमुळे. गिटचं उदाहरण लिहिताना ही ओळ 'पसारा कमी' करण्याच्या नादात गाळली, तर तो पसारा वाचकाच्या डोक्यावर जातो.

शिवाय २.१० एकाच जागी नाही. मॅन्युअलच्या पोटातलं उदाहरण एक. फाइलवरून थेट बांधणी दाखवायला मॅन्युअलच्या सोर्ससोबत हॅलोची एक वेगळी स्कीम फाइल ठेवली आहे, ती दुसरी. त्याच पॅकेजचं जेसन या डेटा लिहायच्या पद्धतीतलं रूप, तिसरं. आणि कुकबुक नावाचं जे वेगळं पुस्तक आहे, त्यातल्या पॅकेजिंगच्या धड्यात 'माय-हॅलो' आहे, ते चौथं. चारांपैकी तीन बदलले आणि एक राहिलं, तर वाचकाला वाटतं की फरकामागे काही कारण असणार, आणि तो ते शोधत बसतो.

ज्यांचं गीक्स जुनं आहे ते

नवं उदाहरण सगळ्यांना सोयीचं असतं, असंही नाही. जुन्या वळणाची व्याख्या नव्या गीक्समध्ये चालते, सुसंगतता तशीच ठेवलेली आहे. उलट मात्र घडत नाही. १.३.० किंवा त्याआधीच्या गीक्सला लेबलाशिवायची यादी दिली, तर ते सांगतं की या पॅकेजचं इनपुट अवैध आहे, आणि थांबतं.

असं जुनं गीक्स कोणाकडे असेल? ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या डेबियन ११ या लिनक्स प्रणालीत गीक्सचं पॅकेज होतं, आवृत्ती १.२.०. डेबियनच्या पद्धतीने ते बसवलं, 'गीक्स पुल' करून अद्ययावत केलं नाही, आणि संकेतस्थळावरचं ताजं मॅन्युअल उघडून हॅलो चिकटवलं, तर पहिल्याच प्रयत्नात चूक. आणि चूकही अशी की माणूस आपलाच कंस मोजत बसेल.

याच्या उलट गोंधळही झाला. मे २०२१ मध्ये १.३.० आलं आणि १.४.० यायला डिसेंबर २०२२ उजाडला. त्या दीड वर्षात संकेतस्थळावर दोन मॅन्युअल होती: एक प्रसिद्ध आवृत्तीचं आणि एक चालू विकासाचं. प्रसिद्ध आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये जुनं वळण. ज्यांनी 'गीक्स पुल' केलं होतं त्यांच्या हातातलं गीक्स मात्र नवं. ते जुनं उदाहरण पाहून व्याख्या लिहीत, ती बिनतक्रार चालत असे. पण असा पॅच प्रकल्पाकडे पाठवला की नव्या वळणात लिहून आणा, हेच उत्तर ठरलेलं. मॅन्युअलप्रमाणेच तर लिहिलंय, असं म्हणणाऱ्याचंही चुकत नव्हतं.

खरं तर योग्य मॅन्युअल वाचकाच्या मशीनवरच होतं. गीक्स पुल करताना त्या घडीचं इन्फो मॅन्युअलही सोबत येतं, आणि टर्मिनलमध्ये ते उघडलं तर हातातल्या गीक्सशी जुळणारं उदाहरणच दिसतं. पण आधी सर्च इंजिन उघडायची सवय आपल्या सगळ्यांचीच. उदाहरणाच्या शेजारी 'हे १.४.० पासून' अशी एक ओळ असती तरी बरंचसं निभावलं असतं. अशी ओळ लिहायला कोणालाच आवडत नाही, कारण दोन वर्षांनी तीही काढावी लागते.

भाषांतरं

गीक्सचं मॅन्युअल जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन अशा भाषांमध्येही आहे. भाषांतराची यंत्रणा मूळ मजकुराचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याशेजारी त्याचं भाषांतर ठेवते. कोडचे ब्लॉक हेही तुकडेच, कारण त्यांतल्या टिप्पण्या भाषांतरित करता याव्यात. मूळ तुकड्यात एक कंस जरी बदलला, तरी जुळणी तुटते, भाषांतरावर 'संदिग्ध' असा शिक्का बसतो, आणि कोणी तपासून तो काढेपर्यंत वाचकाला त्या जागी मूळ इंग्रजी दिसतं. म्हणून उदाहरणं पाच वेळा थोडीथोडी बदलण्यापेक्षा एकदाच नीट बदललेली बरी. मराठीत सॉफ्टवेअरची भाषांतरं केलेल्यांना हा शिक्का चांगला ओळखीचा असेल. एका स्वल्पविरामापायी अख्खा परिच्छेद इंग्रजीत परतलेला पाहण्याचा वैताग सगळ्या भाषांत सारखाच.

वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेलं उदाहरण या कचाट्यातून सुटतं. ते मॅन्युअलमध्ये जसंच्या तसं ओढून घेतलं जातं, तुकड्यांच्या यादीत येत नाही. मोबदल्यात त्यातल्या टिप्पण्या मात्र कधीच भाषांतरित होत नाहीत.

चाचणीला न दिसणारी गोष्ट

उदाहरणं आपोआप तपासली जावीत, हे सगळ्यांनाच पटतं. गीक्समध्ये त्याचा एक छान नमुना आहे. आख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिमची संरचना लिहायची उदाहरणं, म्हणजे अगदी साधं मशीन, डेस्कटॉप वगैरे, ही मॅन्युअलमध्ये हाताने लिहिलेली नाहीत. मूळ सोर्समध्ये ती साच्यांच्या फाइल म्हणून राहतात. मॅन्युअल बांधताना त्यांच्यावरूनच टेक्सइन्फो तयार होतं, आणि चाचणीसंचही त्याच फाइलवर चालतो. एखाद्या सेवेचं नाव बदललं आणि साचा तसाच राहिला, तर चाचणी पडते. मॅन्युअल चुकीचं राहूच शकत नाही.

मग हॅलोलाही तसंच करावं, असं कोणीही म्हणेल. करावंच. पण आपल्या ओळीला त्याने काही फरक पडला नसता. जुन्या वळणाची ओळ मोडलेली नव्हतीच. ती चालत होती, आजही चालते. चाचणीने हिरवा दिवा दाखवला असता आणि लेबल तिथेच राहिलं असतं. मोडलेलं उदाहरण यंत्राला दिसतं, शिळं झालेलं दिसत नाही. वेगळ्या फाइलचा इतकाच फायदा की गीक्स स्टाइल तिच्यावर चालवता येतं, पण अख्ख्या फाइलवर चालवलं की ते फक्त मांडणी नीट करतं, इनपुट्सला हात लावत नाही.

सुसंगतता तोडून टाकली तर? मग जुनी उदाहरणं आपोआप उघडी पडतात, पण ती पडतात कुठे, हे पायथनच्या जगात २४ मार्च २०२५ रोजी दिसलं. पायथनची पॅकेजं बांधणाऱ्या सेटअपटूल्सच्या ७८.०.० या आवृत्तीने सेटअप-सीएफजी फाइलमधली जोडरेघेची जुनी नावं नाकारायला सुरुवात केली. अंडरस्कोअर वापरा, असा इशारा २०२१ पासून येत होता. पण 'डिस्क्रिप्शन' आणि 'फाइल' यांच्यामध्ये जोडरेघ असलेली ती ओळ जुन्या धड्यांतून वर्षानुवर्षं कॉपी होत आली होती, आणि ती असंख्य पॅकेजमध्ये होती. त्यांतल्या कित्येकांना कोणी वालीच उरला नव्हता. जगभर बिल्ड पडले, आणि त्याच दिवशी ७८.०.२ काढून बदल पुढे ढकलावा लागला. मूळ धडे कधीच सुधारले गेले असले, तरी त्यांच्या प्रती सुधारल्या नव्हत्या.

गीक्सला हे तुलनेने सोपं गेलं, कारण बहुतेक पॅकेज एकाच संग्रहात आहेत आणि एक कमांड सगळ्यांवर फिरवता येते. पण लोकांचे स्वतःचे चॅनेल (म्हणजे वेगळे पॅकेज संग्रह), घरच्या फाइली, कोणीतरी लिहिलेले धडे, यांच्यापर्यंत ती कमांड पोचत नाही. तिथे अजून लेबलं आहेत.

जे तसंच राहिलं

१.४.० च्या मॅन्युअलमध्ये हॅलोची इनपुट्सची ओळ नवी आहे, पण वरचीच आर्ग्युमेंट्सची ओळ जुन्या वळणाची: साधं अवतरणचिन्ह लावलेली यादी. खऱ्या संग्रहात आता अशा जागी जी-एक्स्प्रेशन लिहितात, म्हणजे हा कोड बांधणीच्या खोलीत चालवायचा आहे असं सांगणारी वेगळी खूण. निव्वळ अद्ययावतपणा पाहिला तर ही ओळही बदलायला हवी. मी बदलली नसती. जी-एक्स्प्रेशन समजायला आधी 'इथला कोड' आणि 'तिथला कोड' हा भेद कळावा लागतो, आणि पहिल्याच पानावर तो समोर ठेवला, तर वाचक बॅकटिकवर अडकायचा तसाच तिथे अडकेल. हे मत वादाचं आहे, हे मान्य. शिकणारा माणूस ही ओळही कॉपी करणारच, आणि परीक्षक त्यालाही परत पाठवणार.

आणखी दोन बारीक गोष्टी. उदाहरणातलं मॉड्युल हॅलोच्या नावाचं आहे, आणि असं मॉड्युल गीक्समध्ये नाही. खरी हॅलोची व्याख्या 'बेस' नावाच्या मॉड्युलमध्ये राहते. आणि त्या खऱ्या व्याख्येत गॉक नाहीच. हॅलोला गॉक लागत नाही. इनपुट्स कसे लिहायचे हे दाखवण्यासाठी तो उदाहरणात आणून बसवलेला आहे, आणि बांधणीच्या वेळी खोलीत नुसता उभा राहतो. त्याला काढावं, असा पॅच एखादा नवीन माणूस नक्की पाठवेल. त्याला काय उत्तर द्यायचं, ते मात्र मॅन्युअलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. 'हे उदाहरण आहे, इथे गॉक फक्त दाखवण्यासाठी' एवढी ओळ उदाहरणाखाली घातली तर भागेल. पुढचा पॅच मी तेवढाच पाठवीन.